धुऱ्याला पाडलेलं तोंड

पावसाची झड उघडली की मी आधी चुलीकडे जात नाही, नर्सरीत जाते. एखादं रोप पिशवीतून अलगद उपसते, मुळांवरची माती झटकते आणि मुळं नाकाशी नेते. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका बघतात आणि एकमेकींना कोपर मारतात. लोक फुलांचा वास घेतात, ही बाई मुळांचा घेते. हसतात तर हसू दे. हसण्यानं कुणाचं रोप मेल्याचं मी ऐकलं नाही.

चांगल्या मुळाला मातीचाच वास असतो, दुसरा कसलाच नाही. ते पांढरं असतं, टोकाशी जरा पिवळसर, आणि बोटात धरून ओढलं तर ताठ राहतं. सडलेलं मूळ तपकिरी पडतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. त्याला वास येतो तो डबक्याचा. हा वास एकदा डोक्यात बसला की जात नाही. माझ्या डोक्यात तो ज्या पावसाळ्यात बसला, तो पावसाळा दर वर्षी झड उघडताना माझ्या दारात येऊन उभा राहतो.

यंदाही चांगलीच झड लागली होती. दोरीवरचे कपडे वाळेनात, काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी लागली, आणि घरातल्या प्रत्येक उशीला ओल्या कुत्र्याचा वास सुटला. आज सकाळी ऊन पडलं. समोरच्या सागाच्या पानांवरून वाफ निघत होती. मी रोप उपसलं, मुळं हुंगली. मातीचा वास आला. मग मी चहा ठेवला.

मी मूळची भद्रावतीची. वडील कारखान्यात होते, आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथं प्रत्येक दारापुढे वीतभर जागा आणि त्या जागेत फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, त्यात गुलाब, तगर, शेवंती. माझ्या लेखी झाड म्हणजे डब्यातलं झाड. लग्न होऊन मुलचेऱ्याकडे आले आणि धानाच्या माणसांत पडले. इकडं माणसं पाण्यावरून ओळखतात. कुणाच्या शेतात पाणी टिकतं, कुणाचं फुटून जातं, यावरून घरं चांगली की वाईट ते ठरतं. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलेलं शेत, त्याला बांधी म्हणतात. उंदरानं धुऱ्याला भोक पाडलं तर घरातलं माणूस पडल्यासारखी धावपळ होते. मला सुरुवातीला याचं हसू यायचं.

माझे सासरे तानबाजी. गाव त्यांना तानबा भाऊ म्हणतं, मी मामाजी म्हणते. उभा जन्म त्यांनी बांधीतलं पाणी राखलं. पुढं कंबर वाकेना, तेव्हा शेत थोरल्या दिरांकडे गेलं आणि मामाजी आमच्याकडे आले. आले म्हणजे काय, अंगानं आले. जीव तिकडंच. सकाळी उठून ओसरीवर बसायचे आणि आभाळ बघायचे. आभाळ बघायचं तर कशासाठी, शेत तर हातात नाही. मला ते बघवत नव्हतं. मी नुकतीच रस्त्याकडेच्या आमच्या पडीत तुकड्यात नर्सरी काढली होती. जास्वंद, तगर, एक्झोरा, कण्हेर, मोगरा. म्हटलं, “मामाजी, पाण्याचं काम तुम्ही पाहा. मला एकटीला होत नाही.”

हे मी बोलले आणि त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला, तो मला दिसला. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन हजर. धानाच्या माणसाला पाण्याचं काम दिलं की तो काय करणार? त्यांनी नर्सरीची बांधी केली. चारी बाजूंनी धुरा, पायानं दाबून दाबून घट्ट केलेला. मधली जागा खोलगट. त्यात पिशव्या मांडल्या. एक थेंब बाहेर जायची सोय ठेवली नाही.

खरं सांगते, उन्हाळाभर त्या बांधीनं आम्हाला तारलं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्यावर पापड वाळायच्या आधी भाजून निघतात. गावातल्या लोकांची कुंड्यांमधली झाडं करपली आणि आमची नर्सरी हिरवीगार. येणारेजाणारे थांबून बघायचे. मामाजी पाइप हातात घेऊन उभे, डोक्याला टॉवेल, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं आपण पोटातून काढलंय. “सूनबाई,” ते म्हणायचे, “झाड असो का धान, पान्याले कोनी नाई म्हनत नाई.” मी मान डोलवायची. मलाही तेव्हा ते पटत होतं.

त्या बांधीच्या आतल्या कडेनं जमिनीतच आमची मायझाडं होती. ज्या झाडांच्या फांद्या कापून नवी रोपं करायची ती मायझाडं. त्यातली जास्वंदीची रांग सगळ्यांत मोलाची. एकेरी, गडद लाल, पाच पाकळ्यांची जास्वंद. ती मालतीदीच्या अंगणातून आली होती.

मालतीदी पलीकडच्या, पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांच्या गावातली. तिच्या सासूबाईंनी लावलेलं ते झाड होतं. जास्वंदीला त्यांच्यात जबा म्हणतात, आणि कालीमातेला तेच फूल लागतं, लालच लागतं, एकेरीच लागतं. दीदीच्या घराचं पक्कं बांधकाम निघालं तेव्हा ते झाड पाया खणताना गेलं. त्याआधी दीदीनं फांद्यांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणून टाकली होती. “तुझ्याकडे राहू दे, दीदी. माझ्या घरात आता सिमेंट राहणार.” दोघी एकमेकींना दीदीच म्हणतो, त्यामुळे तिसऱ्या माणसाचा गोंधळ होतो. त्या वर्षी त्यांच्या गावात कालीमातेचा नवा ओटा बांधला होता आणि ओट्याभोवती जबाचं कुंपण करायचं ठरलं होतं. दिवाळीच्या अमावास्येला पूजा. रोपं माझ्याकडून जायची होती. ते लाल आता फक्त माझ्या त्या रांगेत उरलं होतं.

आणि झड लागली.

गावात धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, चालू होते, सगळे खूश होते. मामाजी तर विशेष. छत्री घेऊन धुऱ्यावरून फिरायचे आणि कुठं झिरपतंय का बघायचे. बांधीत पाणी साचलं, पिशव्या अर्ध्या बुडाल्या. मी म्हटलंही, “मामाजी, पाणी जास्त झालं का?” ते म्हणाले, “जास्त काऊन? बरकत होय ते.” पावसात कुणाला वाद घालायचा उत्साह असतो? मी आत गेले आणि भजी तळली.

ऊन पडलं त्या दुपारी जास्वंदीची पानं खाली झुकली. शेंड्याकडची आधी, मग सगळी. झाड कोमेजलं की ते तहानलं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. मामाजींनी बघितलं आणि पाइप घेतला. “तहान लागली त्याइले,” म्हणाले. संध्याकाळी पाणी, सकाळी पाणी. पानं पिवळी पडून गळायला लागली तसं त्यांनी आणखी पाणी दिलं. त्यांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. आजारी पोराला भरवतात तसं ते झाडांना पाजत होते.

मी एक रोप उपटलं. उपटायलाही लागलं नाही, नुसतं धरलं आणि हातात आलं. तेव्हा तो वास पहिल्यांदा आला. मातीलगतचं खोड मऊ, काळपट, नखानं खरवडलं तर आतही तपकिरी. मूळ ओढलं, साल निघून आली. बुरशी लागली होती, पाण्यात पोहत पसरणारी. मुळं सडल्यामुळे झाडाला पाणी पिताच येत नव्हतं. पाण्यात उभं राहून ते तहानेनं मरत होतं, आणि आम्ही तहान लागली म्हणून पाणी घालत होतो. मी तिथंच चिखलात बसले. साडी गेली कामातून. रडू आलं, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा हे कळेना.

उपाय काय ते मला कळत होतं. धुरा फोडायचा, पाणी काढायचं, सडलेलं सगळं बाहेर नेऊन जाळायचं, उरलेल्यांना कोरडं ठेवायचं. कठीण ते नव्हतंच. मामाजींच्या हातातून पाइप कसा काढून घ्यायचा, ते कठीण होतं. त्या पाइपावर हा माणूस पुन्हा उभा राहिला होता.

नवऱ्याला सांगितलं. त्यांचं मुलचेऱ्यात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेली कुठलीही मोटर ते चालू करतात. वडिलांसमोर मात्र त्यांचीच मोटर बसते. “बाबाले तूच सांग,” म्हणाले आणि जेवत राहिले. “मी काऊन?” “तुह्यावर त्याईचा जीव आहे.” म्हणजे ज्याच्यावर जीव त्यानंच वाईट व्हायचं. वा रे न्याय.

मग मी शहाणपणा केला. विहिरीवरच्या मोटरीची वायर सोडवून ठेवली आणि मोटर बिघडली म्हणून सांगितलं. मामाजी उठून मोटरीकडे गेले. थोड्या वेळानं पाहते तर काय, विहिरीतून दोरानं बादली ओढून पाणी चाललंय, कंबरेला एक हात लावून. आणि मोटर? ती त्यांनी कुणाच्या तरी बैलगाडीत घालून मुलाच्या दुकानात धाडून दिली होती. संध्याकाळी नवरा मोटर घेऊन घरी आला आणि भर अंगणात म्हणाला, “याले तर काहीच झालं नाई.” मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे.

“काय लपवून राह्यली वं पोरी?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी नर्सरीत गेले, एक मरतं रोप उपटून आणलं आणि मुळं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चिमटीत धरून ओढलं. साल निघाली. त्यांनी वास घेतला. ज्या माणसानं जन्मभर चिखलाचा वास घेतलाय त्याला डबक्याचा वास सांगावा लागत नाही.

“म्या पाजलं म्हनून मेले?”

“धान असतं तर वाढलं असतं, मामाजी,” मी म्हटलं. “हे धान नाही. याच्या मुळांना श्वास लागतो.”

त्यांनी ते रोप पायरीवर ठेवलं, हात धोतराला पुसले आणि आत जाऊन निजले. दिवेलागणीला कुणी निजतं का? जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसले आणि आभाळ बघू लागले. पुन्हा तेच. मी नर्सरीत गेले. मेलेली रोपं पिशवीतल्या मातीसकट उचलून लांब नेली. कात्री फिनेलच्या पाण्यात बुडवून पुसून घेतली, कारण आजारी फांदी कापलेली कात्री चांगल्या फांदीला लागली की ती बिमारी पुढं जाते. मायझाडांच्या बुंध्याशी चढलेली माती हातानं बाजूला केली, खोडाला वारा लागू दिला. हे सगळं केलं, धुऱ्याला मात्र हात लावला नाही. मला लावता येत होता. फावडं समोरच होतं. पण तो धुरा मामाजींनी पायानं दाबून केलेला होता, आणि धानाच्या माणसाचा धुरा दुसऱ्यानं फोडायचा नसतो, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले होते. त्यावरून इकडं डोकी फुटलेली आहेत. दुपारनंतर दक्षिणेकडून ढग चढायला लागले. आणखी एक झड आली असती तर ती लाल रांग संपली असती. मी एकदा ढगांकडे बघायची, एकदा ओसरीकडे.

वारा सुटला तसा फावड्याचा आवाज आला. मामाजी माझ्या मागे उभे होते, धोतर वर खोचलेलं.

“धुऱ्याले तोंड कुठी पाडू?” त्यांनी विचारलं.

मी खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फावडं उचललं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. “जन्मभर धुरा बांधला,” ते म्हणाले, “फोडला नाई कधी.” मग घाव घातला. माती सुटली, पाणी आधी चाचरत निघालं, मग भळाभळा. मी पिशव्या उचलून वरच्या बाजूला नेत होते, माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. वळून पाहिलं तर मामाजी तिथं नाहीत. ते पाण्याच्या मागं मागं चालत निघाले होते, जणू बैल सुटून चाललाय आणि तो कुठं जातो ते बघायचंय. पाणी उतारानं नर्सरीच्या खाली, तरोट्याचं तण माजलेल्या आमच्याच पडीत कोपऱ्यात जाऊन थांबलं. मामाजीही थांबले. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी तरोटा उपटायला सुरुवात केली, आणि पाऊस पडायच्या आत त्या कोपऱ्याभोवती हातभर धुरा घातलेला होता.

दोन-चार दिवसांनी शेजाऱ्याच्या शेतात रोवून उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, ते डोक्यावर घेऊन आले. “उशिराचा हाये,” म्हणाले, “पर येईल.” अंगणाएवढी बांधी. ती रोवताना ते गुणगुणत होते.

रांगेतली बहुतेक मायझाडं गेली. वरच्या टोकाची थोडी वाचली, तीही अर्धमेली. त्यांच्या अगदी शेंड्याच्या, जमिनीपासून लांबच्या फांद्या मी कापल्या. शेंड्यापर्यंत बिमारी पोचलेली नसते. जुन्या पिशव्या, जुनी माती काही घेतलं नाही. नवऱ्याला बांबूची मचाणं बांधायला लावली, गुडघ्याएवढी उंच, म्हणजे पिशवीच्या बुडाचं पाणी निथळून जाईल. वडिलांना सांगायचं टाळल्याची एवढी शिक्षा त्यांनी मुकाट्यानं भोगली. मातीत भाताच्या गिरणीवरचं तूस अर्धवट जाळून मिसळलं, त्यानं माती मोकळी राहते. ट्रायकोडर्मा आणलं. ती चांगली बुरशी, शेणखतात मुरवून घातली की वाईट बुरशीला खाते. मामाजींना हे फार आवडलं. “म्हंजे चोर पकडाले चोर,” म्हणाले. आणि पाणी? ते सकाळीच, आणि बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. बोट मामाजींचं. पाइपही त्यांच्याचकडे राहिला. धरायचा कधी ते फक्त बदललं.

पूजेआधी मालतीदी आली तेव्हा माझ्याकडे कुंपण नव्हतं. मचाणावर बोटभर काड्या होत्या, काहींना दोन पानं फुटलेली. मी तिला सगळं सांगितलं. ती काड्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली, एका पानाला बोट लावलं. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, “जिंदा आहे ना? माँ एक साल रुकेल. ती सगळ्यांसाठी रुकते.” मामाजींनी वाचलेल्या मायझाडावरचं त्या दिवशीचं एकुलतं एक फूल तोडून तिला दिलं. एरवी कुणी मायझाडाचं फूल तोडलं तर ते भांडायला उठतात.

आता त्या ओट्याभोवती जबाचं दाट कुंपण आहे. मी दिवाळीत जाते तेव्हा लांबूनच लाल दिसतं. आमची रांगही पुन्हा भरली, आता उंच वरंब्यावर. बुरशी गेली असं मी म्हणणार नाही. ती मातीत असतेच, पाण्याची वाट बघत. दर झडीत एखाददुसरं रोप जातं, मी ते लगेच काढून जाळते, आणि बाकीची जगतात.

मामाजी आता फार चालत नाहीत. खाट मचाणांजवळच, पत्र्याच्या छपराखाली टाकलेली आहे, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचं व्याख्यान ऐकल्याशिवाय रोप मिळत नाही. “बाई, धानासारखं पानी भरू नोको. त्याले श्वास लागते.” माझंच वाक्य मला ऐकवतात आणि वर म्हणतात, “सूनबाईले विचारा, मीच शिकवलं तिले.” मी मान डोलवते. त्या अंगणाएवढ्या बांधीत दर वर्षी रोवणं होतं. त्या धानाचं तूस पिशव्यांत जातं, आणि तांदूळ आमच्या ताटात येतो. पायलीभरच येतो, पण पाहुण्यांना तोच वाढायचा असा मामाजींचा हुकूम आहे.

यंदाच्या झडीतही, पाऊस ऐन जोरात असताना, त्यांनी खाटेवरून हाक मारली, “तोंड मोकळं हाये का?” मी पोतं डोक्यावर घेऊन गेले. धुऱ्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाणी तुंबायला लागलं होतं. हातानं ओढून काढला, आणि पाणी घरंगळत खाली निघालं. ओली होऊन परत आले, म्हटलं, “गेलं, मामाजी. सगळं वाहून गेलं.”

त्यांनी डोळे मिटूनच कान दिला. खालच्या बांधीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “माह्याकडंच येते ते.”